छातीवरचे ओझे : एका जुन्या भयाचा इतिहास

आपल्या खेड्यापाड्यांतून एक अनुभव पुष्कळांना आलेला असतो. पण चारचौघांत त्याविषयी बोलणारे थोडे. रात्र सरत आलेली असते. माणसाला जाग येते. आढ्याची तुळई दिसते, कोनाड्यातला दिवा दिसतो, शेजारी निजलेल्यांचा श्वास ऐकू येतो. उठावे म्हणून हात हलवू जावे, तर हात हलत नाही. हाक मारावी, तर घशातून शब्द फुटत नाही. छातीवर कुणी पायलीभर ज्वारीचे पोते टाकल्यासारखे वाटते. कुणाला दाराशी काळी आकृती उभी दिसते, कुणाला पावले वाजल्याचा भास होतो, कुणाला आपला गळाच आवळला जात आहे असे वाटते. काही क्षण, फार तर दोनचार मिनिटे असे जातात, आणि गाठ सुटावी तसे सारे अंग एकदम मोकळे होते. माणूस घामाघूम होऊन उठून बसतो.

सकाळी घरात ही गोष्ट सांगितली, तर वडीलधारी माणसे निदान करायला वेळ लावीत नाहीत. "छातीवर बसलं होतं," असे ती सांगतात. काय बसले होते, याचे उत्तर मात्र गावागणिक बदलते. पाराजवळच्या पिंपळावर मुंजा असेल तर मुंजा. पडक्या विहिरीची कथा असेल तर हडळ. कुठे समंध, तर कुठे खवीस. मग अंगारा लावला जातो, लिंबू उतरले जाते, उशाखाली विळा किंवा अडकित्ता ठेवला जातो. इतक्यावर भागले तर ठीक. पण भागत नाही तेव्हा काय होते, तेही आपण पुढे पाहणार आहोत.

इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तह आठवतात. परंतु माणसाच्या भयालाही इतिहास असतो. छातीवर बसणाऱ्या या भुताचा इतिहास तर एखाद्या राजघराण्यापेक्षा जुना आणि पुष्कळ मोठ्या मुलखात पसरलेला आहे. तो नीट पाहिला म्हणजे हे भूत मूळचे कोणत्या गावचे, हा प्रश्न आपोआप सुटतो.

प्रथम त्याची नावे पाहू. प्राचीन ग्रीक लोक या पीडेला एफियाल्टीस म्हणत. त्याचा अर्थ अंगावर उडी घेणारा. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत इन्क्युबस हा शब्द आला. त्याचा अर्थ अंगावर पडून राहणारा. दुःस्वप्नाला इंग्रज लोक नाइटमेअर म्हणतात. त्यातला मेअर म्हणजे घोडी, असे पुष्कळांना वाटते. पण तो निजलेल्या माणसाला दडपणाऱ्या पिशाचाचा जुना शब्द आहे. फ्रेंचांच्या कोशमार या शब्दात तुडवण्याचा, दाबण्याचा अर्थ आहे. अरबीत काबूस म्हणतात. त्याचे मूळही दाबणे हेच. जपानी लोक कानाशिबारी म्हणतात, म्हणजे लोखंडाने जखडल्यासारखे होणे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे कोळी सांगतात की रात्री एक म्हातारी येऊन छातीवर बसते. आणि आपण मराठीत काय म्हणतो? दडपण!

हे सगळेच लोक काही एकमेकांना भेटलेले नव्हते. ग्रीकांना आपला मुंजा ठाऊक नव्हता आणि न्यूफाउंडलंडच्या कोळ्याने पिंपळ पाहिलेला नव्हता. तरी सगळ्यांचे भूत येते त्याच वेळी, बसते त्याच ठिकाणी, आणि करते तेच. नाव निराळे, वेष निराळा, वागणे मात्र एकच. सारख्याच वागण्याची भुते सगळ्या देशांत असावीत, याहून सोपा अर्थ एकच निघतो. सगळ्या देशांत सारखी असलेली वस्तू म्हणजे माणसाचे शरीर. त्या शरीरातच या अनुभवाचे मूळ असले पाहिजे. भुताला वेष देते ते आपले गाव.

ही गोष्ट जुन्या वैद्यांच्याही ध्यानात आली होती. दहाव्या शतकात बुखारा शहरी अखवैनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने विद्यार्थ्यांसाठी फारसी भाषेत वैद्यकाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात काबूसचा विचार केला. पोटातल्या वाफा मेंदूकडे चढतात आणि त्यामुळे हे होते, असे त्याचे म्हणणे. आज आपण ते कारण मानत नाही. परंतु हजार वर्षांपूर्वी तो भुताचे नाव न घेता पोटाचे आणि मेंदूचे नाव घेतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्याशी हा धागा अगदीच परका नाही. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात यूनानी वैद्यकाला राजाश्रय होता. म्हणजे काबूस हा शब्द ज्या वैद्यकातला, ते आपल्याकडे राजमान्य होते. आणि बाहेरची बाधा काढणारा देवऋषीही त्याच मुलखात फिरत होता. कोणाकडे जायचे, एवढाच प्रश्न होता.

आणखी एक उदाहरण देतो. इकडे शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली ते साल १६६४. त्याच काळात हॉलंड देशात इसब्रांड व्हान डीमरब्रोक नावाचा वैद्य होता. त्याने पन्नास वर्षांच्या एका बाईची हकिकत लिहून ठेवली आहे. बाई दिवसा धडधाकट. पण रात्री झोपू लागली की तिला वाटे, सैतानच आपल्यावर पडून आपल्याला धरून ठेवीत आहे. कधी मोठा कुत्रा, कधी चोर छातीवर पडला आहे असे वाटे. ओझे झुगारावे म्हटले तर हातपाय हलत नसत. वैद्याने ही हकिकत आजारांच्या नोंदींत घातली आणि त्यावर उपाय सांगितले. त्या काळच्या युरोपात चेटकीण ठरवून बायकांना जाळले जात होते. अशा काळात एका बाईचे म्हणणे खरे मानून, तिला दोष न देता, ते रोग म्हणून लिहून ठेवणे याला धैर्य लागते.

आता आपण आपल्या जिल्ह्यात येऊ. झोपेचा विचार करायला तुळजापूरसारखे दुसरे गाव सापडणे कठीण. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवली जाते. शारदीय नवरात्रापूर्वीची ती घोरनिद्रा. सीमोल्लंघन झाल्यावर कोजागिरीपर्यंतची ती श्रमनिद्रा. आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वीची ती मोहनिद्रा. झोपेचे हे तीन प्रकार आपल्या बायाबापड्यांना पंचांगासारखे पाठ असतात. सगळी झोप एकसारखी नसते, ही जाण या नावांत आहे.

याच देवीच्या नवरात्रात सप्तशतीचा पाठ होतो. त्याच्या पहिल्याच अध्यायात झोपेची गोष्ट आहे. विष्णू शेषावर निजलेला आहे. मधु आणि कैटभ हे दैत्य ब्रह्मदेवाला मारायला धावतात. विष्णूला जाग येत नाही, कारण योगनिद्रेने त्याला धरून ठेवले आहे. मग ब्रह्मदेव विष्णूला हाक मारीत बसत नाही; तो त्या निद्रेचीच प्रार्थना करतो. प्रसन्न होऊन ती विष्णूच्या डोळ्यांतून, मुखातून, नाकातून, बाहूंतून, हृदयातून आणि छातीतून बाहेर पडते, आणि तेव्हा कोठे तो उठतो. पुराण म्हणजे शरीरशास्त्र नव्हे. पण झोप माणसाच्या एकेका अवयवाला धरून असते आणि तेथून उतरते, ही कल्पना ज्याने केली त्याची नजर सूक्ष्म होती. कारण आपला आजचा सारा विषय या एका वाक्यात सांगता येतो : कधी कधी झोप डोळ्यांतून आधी उतरते आणि हातापायांतून मागाहून.

याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. १८७६ साली अमेरिकेतील वैद्य सायलस विअर मिचेल यांनी या अवस्थेचे वर्णन केले. १९२८ साली इंग्लंडमधील किनिअर विल्सन यांनी तिला स्लीप पॅरालिसिस हे नाव दिले. पण ती का होते, हे कळायला झोपेच्या आत डोकावणे भाग होते. १९५३ साली शिकागो येथे युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी असे दाखवून दिले की झोपेत काही काळ मिटल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरत असतात, आणि त्या वेळी उठवलेला माणूस बहुधा स्वप्न पाहत असल्याचे सांगतो. १९५९ साली फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांना मांजरांवरील प्रयोगांत आढळले की याच काळात अंगाचे स्नायू अगदी ढिले पडतात.

निसर्गाने ही व्यवस्था का केली असावी? आपण स्वप्नात धावतो, भांडतो, झाडावरून उडी मारतो. हातपाय मोकळे राहिले, तर माणूस खरोखरच माळवदावरून उडी घ्यायचा! म्हणून मेंदूच्या तळाशी असलेला भाग पाठीच्या कण्यातून जाणारे हुकूम थोपवून धरतो. बैलगाडीला उतारावर खीळ घालावी, तसेच हे. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू राहतात. बाकी शरीर थांबते. ही स्वप्नाची झोप रात्रीतून चारपाच वेळा, साधारण दीड दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. म्हणून हे भूत पुष्कळदा उत्तररात्री गाठते.

आता समजा, अशा झोपेत असताना मेंदूचा जागृतीचा भाग अवचित उठला. पण खीळ अजून निघालेली नाही. डोळे उघडले, खोली दिसू लागली, कान ऐकू लागले. हातपाय मात्र स्वप्नाच्याच ताब्यात. श्वास चालूच असतो, परंतु तो पडद्याच्या बळावर, आपोआप. घाबरून आपण छाती फुगवून मोठा श्वास घेऊ पाहतो, तर बरगड्यांचे स्नायू दाद देत नाहीत. हेच ते छातीवरचे ओझे! आणि स्वप्न पुरते विरलेले नसल्याने त्याचे तुकडे जाग्या डोळ्यांपुढे तरंगतात. संकटाचा सुगावा घेणारा मेंदूचा भाग त्या वेळी जोरात चालू असतो, म्हणून खोलीत कुणीतरी आहे असे वाटते, असे संशोधक मानतात. त्या कुणीतरीला चेहरा देण्याचे काम लहानपणी ऐकलेल्या गोष्टी करतात.

१९९२ साली जपानमधील संशोधकांनी याची परीक्षाही पाहिली. प्रयोगशाळेत निजलेल्या माणसांची झोप त्यांनी ठरावीक वेळी मोडली, आणि पुन्हा निजू दिल्यावर काहींना हाच अनुभव आला. झोपेच्या वेळा बदलून जे बोलावता येते, ते पिंपळावर राहत नसले पाहिजे, हे सांगायला नको.

मला स्वतःला हा अनुभव शाळेत असताना आला. परीक्षेचे दिवस होते, जागरणे चालू होती आणि मी माळवदावर उताणा निजलो होतो. कठड्याशी कुणी डोकीवर घेऊन बसले आहे आणि माझ्याकडे पाहत आहे, असे दिसले. ओरडायचे होते, ओरडता आले नाही. अंग सुटल्यावर पाहिले तर कठड्यावर वाळत घातलेली घोंगडी होती. आजी म्हणाली, "आरं, उताणं निजू नगंस. कुशीवर नीज, म्हंजी बसत न्हाई." तिचे कारण मला पटले नाही, पण सल्ला पक्का होता. उताणे निजणाऱ्यांना हा अनुभव अधिक येतो, हे पुढे अभ्यासांत दिसून आले आहे. जुन्या माणसांचे निरीक्षण आणि जुन्या माणसांचे निदान, या दोन गोष्टी निरनिराळ्या तोलायच्या असतात, हे मी तेव्हा शिकलो.

हा अनुभव काही विरळा नाही. २०११ साली पस्तीस निरनिराळे अभ्यास एकत्र करून छत्तीस हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली गेली. तीत शंभरांपैकी सुमारे आठ जणांना आयुष्यात एकदा तरी असे झालेले आढळले. विद्यार्थ्यांत मात्र हे प्रमाण शंभरांत अठ्ठावीस होते. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, चाळीस मुलांच्या वर्गात मुले हे भय मनात धरून बसलेली असू शकतात, आणि ती आपल्याला सांगत नाहीत.

कारणांत पहिले कारण म्हणजे मोडलेली झोप. आपल्या जिल्ह्यात झोप मोडायला निमित्ते थोडी नाहीत. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली की शेतकरी कंदील किंवा बॅटरी घेऊन दारे धरायला निघतो. पीक राखणीला आले की जागल करावी लागते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कोपीत राहतात आणि गाडी भरायची असली की भल्या पहाटे उठतात. आज लवकर, उद्या उशिरा, परवा झोपच नाही. अशा शरीरात झोपेची घडी विस्कटते आणि जाग व स्वप्न एकमेकांच्या हद्दीत शिरतात.

दुसरे कारण मनावरचा ताण आणि मोठा आघात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते; गावे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या भिंती निजलेल्यांवर कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. जी वाचली त्यांच्यापैकी अनेकांना पुढे कित्येक दिवस छपराखाली निजायचे भय वाटे. ज्यांनी अशी आपत्ती, युद्ध किंवा अत्याचार सोसला आहे त्यांना झोपेतील हे जखडणे अधिक वेळा होते, असे इतर देशांतील अभ्यासांत आढळले आहे. कंबोडियातील नरसंहारातून वाचून अमेरिकेत गेलेल्या निर्वासितांच्या बाबतीत ते स्पष्ट दिसले. त्यांच्या भाषेतही या पीडेचे नाव दडपणारे भूत असेच आहे. यावरून एवढे ध्यानात घ्यावे की ज्याला हा अनुभव वारंवार येतो, त्याने काहीतरी सोसलेले असण्याचा संभव आहे. त्याला आधाराची गरज असते.

आणि इथेच या इतिहासाचा खरा प्रश्न येतो. आपण या अनुभवाला काय नाव देतो, यावर पुढचे सारे ठरते. नाव झोप दिले, तर माणूस कूस बदलून निजतो. नाव बाधा दिले, तर बाधा काढणारा शोधावा लागतो. नव्याने सासरी आलेली मुलगी, परक्या घरात धास्तावलेली, दिवसभर राबून अर्धी रात्र जागणारी. तिला असे झाले आणि तिने ते सांगितले, की "हिला बाहेरचं लागलंय" हे वाक्य किती सहज उच्चारले जाते! मग उपास, धुरी, केस धरून ओढणे, छडीचे फटके. भूत तिच्या छातीवर दोन मिनिटे बसले असेल. गाव तिच्या छातीवर वर्षानुवर्षे बसते.

याच दुःखाविरुद्ध महाराष्ट्रात दीर्घ प्रयत्न झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे लोकजागृती केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच राज्याने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा संमत झाला. भूत उतरवण्याच्या निमित्ताने कुणाला बांधणे, मारणे, चटके देणे हा आता गुन्हा आहे. देवीची ओटी भरण्याला, वारीला, नवसाला कायद्याने हात लावलेला नाही. माणसाचा छळ तेवढा त्याने थांबवला आहे.

मग असे झाले तर करावे काय? पहिली गोष्ट, ही अवस्था एवढ्यानेच जीव घेत नाही आणि ती आपोआप सुटते, हे आधीच माहीत असावे. माहिती असली की भय निम्मे होते. त्या क्षणी सगळे अंग उठवण्याची धडपड करू नये. श्वास चालू आहे हे मनाला सांगावे, डोळे फिरवावे, एखादे बोट किंवा पायाचा अंगठा हलवण्याचा प्रयत्न करावा. शेजारी कुणी निजले असेल, तर त्याने नावाने हाक मारावी, खांद्याला हात लावावा. पुष्कळदा तेवढ्याने अंग सुटते. रोज ठरावीक वेळी निजावे व उठावे, कुशीवर निजावे, रात्री चहा-तंबाखू आणि दारू टाळावी. उशाखालचा विळा ठेवून कुणाला धीर येत असेल तर त्याच्याशी भांडू नये, मात्र लहान मुलांच्या अंथरुणात तो असू नये.

काही खुणा दिसल्या तर डॉक्टरांकडे जावे. आठवड्यातून अनेकदा असे होणे, दिवसा बोलता बोलता अनावर झोप लागणे, हसताना किंवा रागावताना गुडघे एकाएकी गळणे, झोपेत घोरताना श्वास अडणे, अंगाला झटके येऊन जीभ चावली जाणे. यांमागे निराळे आजार असतात आणि त्यांवर उपचार आहेत. पूर्ण जागेपणी एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा छातीत दुखू लागले, तर ती झोपेची गोष्ट समजू नये आणि क्षणाचाही उशीर करू नये.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. वर्गात शरीरशास्त्राचा धडा शिकवताना झोपेवर दहा मिनिटे बोला. "असं कुणाला झालं आहे का?" एवढेच विचारा. पहिला हात वर यायला वेळ लागेल. एक आला की दुसरा येईल, तिसरा येईल. आपल्या एकट्यालाच झपाटलेले नाही, हे त्या मुलांना एकमेकांकडे पाहूनच कळेल. मग ग्रीकांची, जपान्यांची आणि आपल्या तुळजापूरची गोष्ट त्यांना सांगा. ती मुले घरी जाऊन आईला सांगतील, आई शेजारणीला सांगेल, आणि एखाद्या घरातली छडी उगारण्यापूर्वीच खाली येईल.